गव्हाबरोबर आलेली पुस्तके

२००५ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेचा शाखाधिकारी होतो. शैक्षणिक कर्जाचे अर्ज येण्याचे ते दिवस. पुण्याचे इंजिनिअरिंग, कुठले डी. एड., क्वचित रशियातले मेडिकल, असे अर्ज टेबलावर पडलेले असत. एके दुपारी एस. टी.तले एक कंडक्टर आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली. तिच्या हातात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र होते. निम्मी फी माफ झाली होती. उरलेल्या निम्म्या फीसाठी आणि राहण्याखाण्यासाठी कर्ज हवे होते. अर्जातल्या ‘अभ्यासक्रम’ या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिले होते : अमेरिकन साहित्य आणि संस्कृती.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तुम्हीआम्ही सगळे विचारतो तोच प्रश्न विचारला, ‘‘बेटा, याला स्कोप काय?’’

कंडक्टर अवघडून खुर्चीच्या कडेला सरकले. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, ‘‘सर, कॉम्प्युटर शिकायला तिकडं जाणाऱ्याला तुम्ही विचारता का, इथं कॉम्प्युटर नाहीत का म्हणून?’’

उत्तर चोख होते. पण चोख उत्तरासाठी बँकेच्या अर्जात रकाना नसतो. रकाना असतो तो अपेक्षित पगाराचा, हप्त्याचा आणि तारणाचा. अर्जाच्या मागे शाखाधिकाऱ्याने अभिप्राय लिहायचा असतो. मी लिहिले : रोजगाराची शक्यता अनिश्चित, तारण अपुरे, परतफेडीची क्षमता शंकास्पद. वरच्या कार्यालयातून अपेक्षेप्रमाणे नकार आला. त्याच आठवड्यात मी सॉफ्टवेअर शिकायला जाणाऱ्या दोघांच्या कर्जाची जोरदार शिफारस केली होती. त्यातले एक पुढे थकले, ही गोष्ट वेगळी.

नियमाच्या चौकटीत माझे काही चुकले नव्हते. तरीही तो अभिप्राय मला पुढे अनेक वर्षे टोचत राहिला. कारण ही मुलगी काय शिकायला निघाली होती, हे त्या कार्यालयात इतर कुणाला नाही तरी मला ठाऊक होते.

अमेरिकेशी माझी पहिली ओळख रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत झाली. साल १९६६. मी प्राथमिक शाळेत होतो. टंचाईचे दिवस होते आणि अमेरिकेतून आलेला मिलो दुकानात मिळे. लालसर, चवीला उग्र. त्याची भाकरी थापताना कडेला चिरा पडत आणि आई पुटपुटे, ‘‘हे काय धान्य म्हणायचं!’’ रांगेतली मोठी माणसे ‘पी. एल. ४८०’ असे काहीतरी म्हणत. मला ते एखाद्या आगगाडीचे नाव वाटे.

दुसरी ओळख त्यानंतर वीस वर्षांनी झाली. १९८६ मध्ये बँकेने मला प्रशिक्षणासाठी हैदराबादला पाठवले. मी नोकरी सांभाळून बाहेरून एम. ए. करत होतो आणि ऐच्छिक पेपर अमेरिकन साहित्याचा घेतला होता. कुणीतरी सांगितले की उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात ‘अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर’ नावाची संस्था आहे, तिथले ग्रंथालय बघच. १९६४ मध्ये ही संस्था सुरू झाली होती आणि अमेरिकेबाहेरच्या अमेरिकाविषयक ग्रंथसंग्रहांत ती मोठी मानली जाई. देशभरातले प्राध्यापक आणि संशोधक तिथे काही आठवडे राहून वाचन करत. मी एका शनिवारी दुपारी गेलो. कपाटांच्या त्या रांगा पाहून कारकुनाचा पगार मिळवणाऱ्या माझ्यासारख्याची छाती दडपली. तिथले एक कर्मचारी हसून म्हणाले, ‘‘साहेब, ही सगळी गव्हाची पुस्तकं आहेत.’’

मला कळेना. मग त्यांनी समजावले आणि लहानपणीच्या त्या आगगाडीचा उलगडा झाला.

पी. एल. ४८० म्हणजे अमेरिकेने १९५४ मध्ये केलेला एक कायदा. त्याखाली १९५६ पासून भारताला अमेरिकेचे जादा धान्य मिळू लागले. आपल्याकडे डॉलर नव्हते, म्हणून किंमत रुपयांत द्यायची असे ठरले. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर जमा होत. बँकेच्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. ही रक्कम डॉलरमध्ये बदलून बाहेर नेता येत नव्हती. बहुतांश खर्च करायची ती इथेच. वकिलातीचा खर्च, भारत सरकारला कर्जे, शिष्यवृत्त्या, स्वस्त पाठ्यपुस्तके, ग्रंथालये अशा वाटांनी पैसा जाई, तरी खाते फुगतच राहिले. शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी त्यातला मोठा हिस्सा भारताला परत केला. त्यासाठी त्यांनी दिलेला धनादेश १६६४ कोटी रुपयांचा होता. त्यावरची शून्ये मोजण्याचे भाग्य मला लाभले नाही. उभी हयात धनादेश तपासण्यात घालवलेल्या माणसाला याची हळहळ वाटणारच.

या व्यवहाराला दुसरीही बाजू होती. १९६२ पासून याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवली जाऊ लागली. म्हणजे मिलोच्या भाकरीचे पैसे देऊन आपण हैदराबादेत मेलव्हिल आणला आणि शिकागोत मराठी कादंबऱ्या पोचवल्या. अमेरिकेत मराठी संतांवर आणि दलित चळवळीवर जे पुढच्या काळात काम झाले, एलिनॉर झेलियट यांच्यासारख्या अभ्यासकांनी ज्याला आयुष्य दिले, त्याला अशा संग्रहांचा आधार होता.

हे दानधर्म म्हणून चालले नव्हते, हे उघड आहे. शीतयुद्धाचा तो काळ. रशियाची सुबक, स्वस्त पुस्तके आपल्या एस. टी. स्टँडपर्यंत पोचली होती. अमेरिकेलाही आपला देश, आपले साहित्य जगापुढे मांडायचे होते. पण पुस्तकाची गंमत अशी की ते एकदा पोचते केले की पाठवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. वाचणारा त्यातून काय घेईल, हे त्याला ठरवता येत नाही.

हैदराबादच्या त्या शनिवारी मी स्वतःपुरते काय घेतले ते सांगतो. मी हर्मन मेलव्हिलचे चरित्र उघडले. ‘मोबी डिक’ ही त्याची कादंबरी १८५१ ची. आज ती अमेरिकेतल्या थोर कादंबऱ्यांत गणली जाते. पण तिच्या लेखकाने १८६६ पासून एकोणीस वर्षे न्यूयॉर्कच्या बंदरात जकात निरीक्षकाची नोकरी केली. रोजचा पगार चार डॉलर. १८९१ मध्ये तो गेला तेव्हा लोक त्याला जवळजवळ विसरले होते. १९२१ मध्ये त्याचे पहिले मोठे चरित्र निघाले आणि १९२४ मध्ये त्याच्या मागे राहिलेल्या हस्तलिखितातून ‘बिली बड’ प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे त्याच्याच देशाला त्याची किंमत कळली. दिवसभर लेजर आणि रात्री कादंबरी असा संसार करणाऱ्या मला त्या दुपारी एक जकात निरीक्षक सोबतीला मिळाला.

मेलव्हिलची कथा एकट्याची नव्हती. अमेरिकन साहित्य हा विषय अमेरिकेतल्याच विद्यापीठांत उशिरा आला. १८२० मध्ये सिडनी स्मिथ या इंग्रज लेखकाने, जगात अमेरिकन पुस्तक वाचतो तरी कोण, अशा अर्थाचा खोचक प्रश्न विचारला होता. तो इतका झोंबला की पुढची शंभर वर्षे अमेरिकनांनी त्याला उत्तरे दिली. १८३७ मध्ये एमर्सनने हार्वर्डमध्ये भाषण करून आपल्या विद्वानांना युरोपची उसनवारी सोडायला सांगितले. तरी महाविद्यालयांत ग्रीक, लॅटिन आणि मग इंग्लंडचे साहित्य हेच खरे शिक्षण मानले जाई. या विषयाला वाहिलेले ‘अमेरिकन लिटरेचर’ हे विद्वानांचे नियतकालिक निघाले ते १९२९ मध्ये. साहित्य, इतिहास आणि विचार एकत्र अभ्यासण्याचा नवा अभ्यासक्रम हार्वर्डमध्ये तिसाच्या दशकात आला आणि त्यातली पहिली डॉक्टरेट १९४० मध्ये हेन्री नॅश स्मिथ यांना मिळाली. आपले ते गावठी, परक्याचे ते अभिजात, हे दुखणे आपल्याला नवे नाही. मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्याला आजही ते सोसावे लागते.

मग १९४१ मध्ये एफ. ओ. मॅथिसन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने ‘अमेरिकन रेनेसान्स’ हा ग्रंथ लिहिला. एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल आणि व्हिटमन या पाचजणांना त्याने मध्यभागी बसवले. पुढच्या पिढ्यांचा अभ्यासक्रम बराचसा त्या ग्रंथातून उतरला. माझ्या एम. ए.च्या पेपरातही प्रामुख्याने हेच पाचजण होते.

आता बँकेतली एक सवय सांगतो. जमाखर्च जुळला म्हणून वही बरोबर आहे असे तपासनीस मानत नाही. जी नोंद झालीच नाही, ती तो शोधतो. मॅथिसनच्या यादीत एकही स्त्री नव्हती आणि एकही कृष्णवर्णीय नव्हता. फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून पळालेला माणूस. त्याने १८४५ मध्ये लिहिलेले आत्मचरित्र त्या काळी धडाक्याने खपले होते. विद्यापीठीय आवृत्ती म्हणून ते हार्वर्डने छापले ते थेट १९६० मध्ये. हॅरिएट जेकब्ज या गुलाम स्त्रीने टोपणनावाने लिहिलेली १८६१ ची आत्मकथा कित्येक वर्षे दुसऱ्याच कुणीतरी रचलेली समजली जाई. जीन फॅगन येलिन या अभ्यासिकेने जुनी पत्रे धुंडाळून ती जेकब्जचीच असल्याचे सिद्ध केले आणि १९८७ मध्ये तिची सटीप आवृत्ती निघाली. झोरा नील हर्स्टन ही कादंबरीकार १९६० मध्ये फ्लॉरिडात गरिबीत वारली. तिच्या थडग्यावर दगडही नव्हता. १९७३ मध्ये ॲलिस वॉकर या तरुण लेखिकेने गवत तुडवत ती जागा शोधली आणि तिथे दगड बसवला. आज हर्स्टनशिवाय अमेरिकन साहित्याचा अभ्यासक्रम पुरा होत नाही.

या नोंदी आपोआप झाल्या नाहीत. १९६८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला. कृष्णवर्णीय, आशियाई, मेक्सिकन आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांचे म्हणणे एवढेच होते की, आमचा इतिहास, आमचे साहित्य शिकवा. पोलीस आले, लाठ्या चालल्या, अटका झाल्या. मार्च १९६९ पर्यंत संप चालला आणि त्यातून त्या विषयांचे स्वतंत्र विद्यालय उभे राहिले. अभ्यासक्रमात कुणाचे पुस्तक असावे, यासाठी पोरांनी डोकी फोडून घेतली. आपल्याकडे पेपरच्या यादीकडे आपण परीक्षेपुरते पाहतो. तिथे ती यादी म्हणजे देशाच्या रहिवाशांची यादी ठरली.

आणि नेमके त्याच सुमारास आपल्या औरंगाबादेत काय चालले होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे होते. इंग्रजीचे हे प्राध्यापक अमेरिकेत शिकून परतले होते आणि दलित तरुणांना सांगत होते की, तिकडच्या कृष्णवर्णीयांनी काय लिहिले आहे ते वाचा. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली. तिचे नाव १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले होते. जनार्दन वाघमारे यांनी मराठीत कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर १९७८ मध्ये ग्रंथ लिहिला. अमेरिकेने आपली शोभा दाखवायला पुस्तके पाठवली आणि मराठवाड्यातल्या तरुणांना हवी होती ती तिची जखम. ती त्यांनी शोधून वाचली, कारण ती ओळखीची होती.

खरे तर मराठी माणसाची ही खोड जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जनांना, गुलामी संपवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. ते अमेरिकेला कधी गेले नव्हते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये गेल्या, दोन वर्षांहून अधिक काळ फिरल्या आणि १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. शाळा, कायदे, स्त्रियांच्या संस्था असे सगळे त्यांनी टिपले, त्याबरोबर तिथला वर्णभेदही. आजच्या भाषेत बोलायचे तर तो अमेरिकन संस्कृतीचा अभ्यासच होता, आणि तोही मराठीत. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. तिकडचे लोक संयुक्त राष्ट्रांकडे गाऱ्हाणे मांडणार आहेत, असे त्यांनी वाचले होते आणि त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डुबॉइस यांनी उत्तरही पाठवले. दोन देशांतल्या दोन वंचित समाजांचे हे टपाल कुठल्याही धान्याच्या करारात बसणारे नव्हते.

आता आपल्या घरांकडे पाहा. आज मराठी मध्यमवर्गात अमेरिका नाही असे घर विरळा. मुलगा टेक्सासला, सून न्यू जर्सीची, आईवडील सहा महिने तिकडे नातवंडांसाठी. मीही जाऊन आलो. तिथल्या दुकानांत दुधाचे किती प्रकार मिळतात हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण नातू शाळेतून ‘हॅरिएट टबमन’ म्हणून कुणाचे चित्र रंगवून आणतो, तेव्हा ही बाई कोण हे आजीआजोबांना ठाऊक नसते आणि पुष्कळदा बापालाही नसते. ज्या देशात आपली मुले घरे घेतात, कर भरतात, मतदान करतात, त्या देशाची माणसे स्वतःबद्दल काय बोलत आली आहेत हे आपण वाचलेले नाही. आपण अमेरिकेचा पगार वाचला.

तो वाद तिथेही मिटलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये फ्लॉरिडा राज्याने शाळांसाठी तयार झालेला कृष्णवर्णीयांच्या इतिहाससंस्कृतीचा प्रगत अभ्यासक्रम नाकारला. टोनी मॉरिसन यांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले, तरी त्यांची पुस्तके काही शाळांच्या कपाटांतून काढली गेली. वहीतल्या नोंदी एकदा झाल्या की कायम राहतात, असे समजायचे कारण नाही.

दोन वर्षांपूर्वी एका ग्रामीण महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला मला बोलावले होते. निवृत्त माणसाला हार आणि नारळ मिळण्याच्या जागा कमी, म्हणून मी आनंदाने गेलो. समारंभ झाला. इंग्रजीच्या प्राध्यापिका जवळ आल्या. ‘‘सर, ओळखलंत का?’’ मी ओळखले नाही. ‘‘कंडक्टरांची मुलगी. तुमच्या शाखेत कर्जाला आले होते.’’

माझ्या हातातला नारळ जड झाला. तिने इथेच राहून डॉक्टरेट केली होती, गुलाम स्त्रियांच्या आत्मकथांवर. नेट पास होऊन बरीच वर्षे तासिका तत्त्वावर काढली आणि मग कायम झाली. ‘‘माझा तास आहे, बसता का मागे?’’ तिने विचारले.

मी मागच्या बाकावर बसलो. तृतीय वर्षाची तीसेक मुले. डग्लस चालला होता. बाल्टिमोरमधल्या मालकिणीने लहान डग्लसला अक्षरे शिकवायला सुरुवात केली आणि मालकाने तिला थांबवले, कारण वाचायला शिकलेला गुलाम ताब्यात राहत नाही. मग तो मुलगा खिशात भाकरी घेऊन निघे आणि गल्लीतल्या भुकेल्या गोऱ्या पोरांना ती देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिके. बाई हे इंग्रजीत वाचत, मग आपल्या बोलीत समजावत. ‘भाकरी’ हा शब्द त्यांनीच वापरला.

एक मुलगी उठली. ‘‘मॅडम, ती मालकीण चांगली होती ना? मग बदलली कशी?’’

‘‘डग्लस म्हणतो, गुलामीनं माझं वाटोळं केलंच, पण तिचंही केलं,’’ बाई म्हणाल्या.

वर्ग गप्प झाला. मग खिडकीजवळचा एक मुलगा, हात वर न करताच, म्हणाला, ‘‘माझे पणजोबा शाळेच्या बाहेर बसून पाढे शिकले. आत घेत नव्हते.’’ कुणी हसले नाही. बाईंनी त्याला विचारले, ‘‘हे लिहून आणशील का?’’ त्याने मान हलवली. तास संपला.

चहा घेताना मी धीर करून विचारले, ‘‘राग आहे का अजून?’’

तिने जरा विचार केला. ‘‘आहे, सर. थोडा. तुमच्यावर कमी, त्या रकान्यावर जास्त. तिथं जाऊन शिकले असते तर वेगळं झालं असतं. नाही गेले त्याला मी चांगलं म्हणणार नाही.’’ मला तिचे हे बोलणे आवडले. तिने मला सहज सोडले नाही.

निरोप घेताना तिने एक काम सांगितले. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला पुढे हेच शिकायचे आहे, अमेरिकेत. घरची शेती तीन एकर. ‘‘वेळ येईल तेव्हा तिचा कर्जाचा अर्ज नीट भरून द्याल का, सर? बँकेला कसं सांगायचं ते तुम्हाला कळतं.’’

या वर्षी ती वेळ आली. मुलीला प्रवेश मिळाला. माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही तिघांनी अर्ज भरला. उत्पन्न, तारण, जामीनदार, सगळे नीट मांडले. अभ्यासक्रमाच्या उपयुक्ततेचा रकाना आला तेव्हा मी पेन खाली ठेवले आणि मुलीला म्हणालो, ‘‘हे तू लिही.’’ तिने बराच वेळ घेऊन चार ओळी लिहिल्या. मी त्यातले एक अक्षर बदलले नाही.

अर्ज शाखेत दिला आहे. शाखाधिकारी तरुण आहेत, सभ्य आहेत. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि मुलीला विचारले, ‘‘याला स्कोप काय?’’ मी बाजूच्या खुर्चीवर होतो, पण बोललो नाही. उत्तर तिनेच दिले. अभिप्राय अजून आलेला नाही.